परतीची वाट

मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये असलेला आमचा सर्व्हर मी जळगावहून सांभाळतो. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या गाड्या, मालाची वजने आणि शेतकऱ्यांचे हिशेब त्याच्यावर नोंदवले जातात; उन्हाळ्यात कापणी पहाटेच सुरू होत असल्यामुळे पाचच्या आत तो चालू असावाच लागतो. भार वाढला की त्याचे नेटवर्क कार्ड मध्येच बंद पडत असे, म्हणून कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये छोटी दुरुस्ती करून मी नवा कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, तयार केला. काही बिघडले तर सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरचे यंत्र हाताने चालू करता येणार नव्हते. यंत्राचा पडदा लांबून पाहू देणाऱ्या दूरस्थ कन्सोलची सोय आम्ही खर्चासाठी टाळली होती. तो निर्णय माझाच होता आणि तो चुकीचा होता.

तयारी मात्र मन लावून केली होती. यंत्र सुरू होताना कर्नल निवडून चढवणाऱ्या ग्रब या बूटलोडरमध्ये जुना कर्नल कायमची निवड म्हणून ठेवला आणि नवा कर्नल ‘ग्रब-रिबूट’ या आज्ञेने फक्त पुढच्या एका बूटपुरता लावला. त्याला ‘पॅनिक=१०’ हा पर्यायही दिला, म्हणजे बूट अडले तर दहा सेकंदांनी यंत्र आपोआप रीबूट होऊन जुन्या कर्नलवर परतावे. रात्री साडेअकराला रीबूट दिला. त्या यंत्राला उठायला चार मिनिटे लागतात. नवा कर्नल कोसळला असे धरले तरी आठ-नऊ मिनिटांत जुना यायला हवा होता. वीस मिनिटे झाली तरी पिंगला, म्हणजे यंत्र जागे आहे का हे विचारणाऱ्या संदेशाला, उत्तर नव्हते.

डेटा सेंटरमधील रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला फोन केला. माझ्या बोलण्याची ढब ओळखून तो म्हणाला, “भाऊ, जळगावना का? मी अमयनेरना.” त्याने पडदा जोडला आणि एकेक अक्षर वाचून दाखवले: “एरर, डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड.” पुढे प्रणाली असलेली मूळ डिस्क सापडत नसल्याचा संदेश, मग रीबूट, आणि पुन्हा तीच ओळ.

त्या एका ओळीत सगळे उत्तर होते. एकदाच वापरायची निवड ग्रब ‘ग्रबएन्व्ह’ या छोट्या फाइलमधून वाचतो आणि बूट करण्याआधी ती पुसतो. पण आमचे बूट विभाजन, म्हणजे ही फाइल असलेला डिस्कचा भाग, दोन डिस्कांच्या सॉफ्टवेअर रेडवर (सॉफ्टवेअरने एकत्र जोडलेल्या डिस्कांवर) होते, आणि रेडवरचे वाचता आले तरी ग्रबला तिथे लिहिता येत नाही. त्यामुळे निवड पुसलीच जात नव्हती आणि एकदाची म्हणून लावलेली नोंद कायमची झाली होती. डेबियन या लिनक्स-प्रकारातील ग्रब-रिबूटच्या मॅन पानावर (माहितीपानावर) ही सूचना स्पष्ट दिलेली आहे. मी ती वाचली नव्हती. दुसरी चूक कर्नल आटोपशीर करणाऱ्या ‘लोकलमॉडकॉन्फिग’ची होती. ही सोय ज्या यंत्रावर चालवावी त्याच यंत्रात त्या वेळी लोड असलेली मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) तेवढी ठेवते, आणि मी ती जळगावच्या संगणकावर चालवल्यामुळे सर्व्हरच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हरच गळला होता.

तंत्रज्ञाने मेन्यूतून जुना कर्नल निवडला. लॉगिन मिळताच मी ‘ग्रब-एडिटएन्व्ह’ने ती अडकलेली नोंद काढली, लिनक्स स्वतः रेडवर लिहू शकत असल्याने ते सहज झाले. तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

दुसऱ्या दिवशी आभासी यंत्रात दोन डिस्कांचा तसाच रेड उभा करून हा बिघाड जसाच्या तसा घडवून पाहिला, आणि मगच नवी पद्धत ठरवली. आता ग्रबला हात लावायचा नाही. ‘केएक्झेक’ या आज्ञेने यंत्र बंद न करता चालत्या कर्नलमधून थेट नव्या कर्नलवर जायचे, मग पुढचा कोणताही रीबूट ग्रबमार्गे जुन्याच कर्नलवर येतो. यंत्र गोठले तर ते आपोआप रीबूट करणारा हार्डवेअर वॉचडॉग, आणि कर्नल नीट उठूनही नेटवर्क नसेल तर दहा मिनिटांनी रीबूट देणारा टायमर, जो मी लॉगिन करून रद्द केला तरच थांबतो. पहिल्या प्रयत्नात मी तो मुद्दाम रद्द केला नाही; जुना कर्नल परत येतो हे आधी डोळ्यांनी पाहायचे होते. तो आला. मगच दुसऱ्यांदा नव्यावर गेलो, टायमर रद्द केला आणि कार्डावर दोन तास पूर्ण भार दिला.

केएक्झेकमध्ये फर्मवेअरची (यंत्रातील मूळ सॉफ्टवेअरची) सुरुवात होत नसल्याने कार्ड पूर्ण रीसेट होईलच असे नसते, म्हणून नव्या कर्नलवरचा खरा रीबूट बाकी होता. तो मी शनिवारी रात्री दिला, त्याच तंत्रज्ञाला फोनवर आणि पडद्यासमोर ठेवून.