बधिर बोटांनी पुन्हा पेस्टल

केमोथेरपीच्या काळात घरच्यांना माझ्या केसांची काळजी होती, मला बोटांची. पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोकं बधिर झाली होती. बटण लावायचं तरी खाली बघावं लागे. याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. बऱ्याच जणांची हळूहळू ओसरते, काहींची राहते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तैलरंगात काम करणाऱ्याच्या हातात निदान ब्रशचा दांडा असतो. पेस्टल म्हणजे रंगाच्या कांड्या, त्यात बोट हाच ब्रश.

त्यातून धुळीचा प्रश्न. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, थोडी खडूसारखी भर आणि नावापुरता डिंक. डिंक इतका कमी म्हणून रंग उजळ दिसतो आणि म्हणूनच तो भुरभुरतो. काही कांड्यांमध्ये कॅडमियम, कोबाल्टही असतं. पांढऱ्या पेशी सावरेपर्यंत धूळ नको, असं डॉक्टर म्हणाले. मग ऑइल पेस्टल घेतले. सेनेलिए या फ्रेंच रंगकंपनीने 1949 मध्ये पिकासोसाठी बनवले ते हे, मेण आणि न वाळणारं तेल घातलेले. धूळ शून्य. मला ते कधीच आवडले नव्हते, अजूनही आवडत नाहीत, पण जाड कांडी मुठीत धरून खांद्यापासून रेघ ओढायची सवय त्यांनीच लावली.

परवानगी मिळाल्यावर आधी जागा बदलली. ईझल किंचित पुढे झुकवलं, म्हणजे भुकटी कागदावरून न घरंगळता सरळ खालच्या ट्रेमध्ये पडते. एन-95 मास्क. फुंकर मारायची नाही, झाडू नाही, फक्त ओलं फडकं.

आणि तरी पहिल्याच चित्रात घात झाला. सँडेड पेपर रंग छान पकडतो, पण तो शेवटी पॉलिश पेपरचाच भाऊ. आकाश बोटाने पुसत होते आणि निळ्यात कुठूनसा लाल यायला लागला. ॲलिझरिनची, म्हणजे गडद लाल, कांडी शोधत बसले! बोट सोललं होतं, मला कळलंच नव्हतं. तेव्हापासून नायट्राइलचे हातमोजे, आणि बोटाने पुसणं बंद.

ते बंद झाल्यावर माझं सगळं तंत्रच बदललं. आता रंग एकमेकांत मिसळत नाही, शेजारी शेजारी रेघा ठेवते. दाब बोटांना कळत नाही, सुरुवातीला कांड्या कटाकट मोडायच्या. आता कान देते. हलक्या हाताला कागद सरसरतो, दाब वाढला की करकरतो. डोकंही लवकर थकतं, म्हणून कांड्या रंगांप्रमाणे न लावता गडद, मध्यम, फिकट अशा तीन खणांत ठेवल्या आहेत. गडद-फिकटपणा चुकला नाही तर रंग कुठलाही चालतो. घड्याळाचा गजर झाला की उठायचं, हात कितीही रंगात आला असला तरी. हा नियम मला सर्वांत जड जातो.

याच दिवसांत शार्दां या अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराबद्दल वाचलं. डोळ्यांच्या त्रासामुळे 1770 च्या दशकात त्यांनी तैलरंग बाजूला ठेवून पेस्टल घेतलं. डोळ्यांवर सावली धरणारी झडप लावलेलं त्यांचं 1775 चं आत्मचित्र लूव्रमध्ये आहे. आजारामुळे पेस्टल सोडायच्या बेतात असताना मला भेटला तो आजारामुळेच पेस्टलकडे आलेला माणूस. याचं मला बरेच दिवस हसू येत होतं.

‘आजारपणावर काहीतरी काढ’ असं भेटायला येणारा प्रत्येकजण सुचवतो. मला काचेचा ग्लास काढायचा असतो. पाण्यातून वाकडा दिसणारा चमचा नुसत्या रेघांनी जमवणं अजून अवघड जातंय. आधी तो बोटाच्या एका फटकाऱ्यात व्हायचा.

फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग कागदावर पक्का करणारा फवारा, मात्र अजून सहन होत नाही, वासानेच मळमळतं. थरांमध्ये तो मारता येत नसल्याने कागदाचा दाणा, म्हणजे रंग धरणारा खरखरीतपणा, लवकर भरतो आणि वरचा रंग घसरायला लागतो. म्हणून थर मोजकेच देते, चित्र झालं की लगेच फ्रेम करते, आणि काच रंगाला टेकू नये म्हणून चित्राभोवती पुठ्ठ्याचं जाड माउंट लावून घेते.