रतीब ॲप: अकरा लिटर दूध गेलं कुठं?

आमच्या घरच्या दुधाच्या रतिबाचा हिशोब ठेवायला मी एक ॲप लिहितोय. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की महिनाअखेरची बिलं आता ॲपच काढणार. काढली, आणि पहिल्याच बिलात तोंडघशी पडलो. इथं बेळगावात टिळकवाडीतल्या एका घरी रोज एक लिटर म्हशीचं दूध जातं. महिना तीस दिवसांचा, खाडा एकही नाही, दर ६० रुपये. बिल १८०० व्हायला हवं. ॲप म्हणतं ११४०. मी तसंच पाठवून दिलं असतं, पण बाबांची लाल वही आडवी आली.

"वही चुकत न्हाई," बाबा म्हणाले. "तुझा फोन चुकूलालाय."

फरक ६६० रुपयांचा, म्हणजे ११ लिटर. गोठ्यात सांडलं असतं तर ओघळ तरी दिसला असता. इथं लाल अक्षरात एररसुद्धा नाही, ॲप आपलं हसतमुख.

पहिला संशय तारखांवर. महिन्याची शेवटची तारीख सुटत असेल म्हणून ती अट उलटसुलट करून पाहिली. सुटत नव्हती. मग डेटाबेसवर. रागाच्या भरात एसक्यूलाइटची, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारी, फाइल उडवली आणि सगळा महिना वहीतून परत भरत बसलो. हा मूर्खपणा कुणी करू नका. हाताने भरल्यावर बिल बरोबर १८०० आलं, तेव्हा तर डोकंच फिरलं! नशीब, व्हॉट्सॲपवर मूळ मेसेज शाबूत होते. उद्या किती दूध पाहिजे ते आमची गिऱ्हाइकं रात्री मेसेजने कळवतात आणि मी तो मेसेज जसाच्या तसा ॲपमध्ये चिकटवतो.

तिसऱ्या रात्री सगळे मेसेज पुन्हा चिकटवले आणि प्रत्येक ओळीखाली ॲपने काय आकडा धरला ते छापून घेतलं. एक, एक, एक, आणि मग सलग अकरा शून्यं. वर मेसेज स्वच्छ: "१ लिटर". दिवे गेले होते, लॅपटॉपच्या उजेडात मी त्या एकाकडे बघत राहिलो. आधीच्या मेसेजांतला एकाचा आकडा इंग्रजी (1) होता, हा आपला मराठी (१). महिनाभर दोन्ही डोळ्यांसमोर होते, पण आपण दोन्हीला 'एक'च म्हणतो, तर फरक दिसणार कसा? त्या अकरा दिवसांत त्या घरची सून माहेरी गेली होती आणि मेसेज सासूबाईंच्या फोनवरून येत होते. काकूंचा कीबोर्ड मराठी.

ॲप डार्ट या भाषेत लिहिलंय. मजकुराचा आकडा करून देणारं तिचं ट्राय-पार्स फक्त इंग्रजी दहा आकडे ओळखतं. बाकी काही दिसलं की नल, म्हणजे 'काहीच नाही', देतं. आणि ॲप बंद पडू नये म्हणून मीच हौसेने त्यापुढे दोन प्रश्नचिन्हं आणि शून्य लावून ठेवलं होतं: कळलं नाही तर शून्य धर. क्रॅश थांबवल्याचा केवढा आनंद झाला होता तेव्हा! खरं म्हणजे मी धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेतली होती.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न अडाणी: मराठी शून्याच्या जागी इंग्रजी शून्य, मराठी एकाच्या जागी इंग्रजी एक, अशा बदलाच्या दहा ओळी. चाललं. मग आठवलं, दोन घरं कन्नड आहेत. त्यांनी कन्नड आकडे पाठवले तर? आणखी दहा ओळी लिहायला घेतल्या आणि मधेच थांबलो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, आपल्या शून्याचा २४०६, कन्नड शून्याचा ३३०२, आणि पुढचे नऊ आकडे तिन्हीकडे ओळीने. म्हणजे मराठी असेल तर २३५८ वजा, कन्नड असेल तर ३२५४ वजा. वीस ओळींच्या दोन झाल्या. त्या रात्री आईला उठवून दाखवणार होतो.

मधे एक दिवस कोटलिन या दुसऱ्या भाषेकडे पळून जायचाही विचार केला, कारण तिथं मराठी 'एक' काही न करता पूर्णांक होतो. पण "१.५" दिला तर तेही अडतं. राहिलो डार्टच्या फ्लटरमध्येच, म्हणजे ॲप बनवायच्या त्याच साधनपेटीत. माझ्या ८ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा खोटा फोन, चढतच नाही, फोन जोडूनच काम करतो. वायर घेताना डेटावाली घ्या. बाजारातून स्वस्तात आणलेली माझी वायर नुसती चार्जिंगची निघाली आणि एक रविवार खाऊन गेली.

तर आकडे सुटले. दुसऱ्याच दिवशी मेसेज आला: "दीड".

आता शब्दांचा तक्ता करतोय. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. सव्वा, साडे, पावणे यांना नियम लावता येतो, पण साडेएक आणि साडेदोन आपण म्हणतच नाही, आणि नुसता सव्वा म्हणजे सव्वा एक. शेजारच्या कन्नड मास्तरांना विचारलं तर ते हसले. ओंदूकालु, ओंदूवरे, ओंदूमुक्कालु, म्हणजे सव्वा, दीड, पावणेदोन. पुढे एरडूवरे, मूरूवरे, म्हणजे अडीच, साडेतीन. आकड्याला शेपूट लावायचं की झालं! कन्नडसाठी तीन नियम पुरले, मराठीसाठी तक्ता. मराठीवर प्रेम आहे, पण प्रोग्राम लिहिताना कन्नड बरी, हे इथं बेळगावात राहून मोठ्याने म्हणायची सोय नाही. एक मात्र आपल्या बाजूने: पाव, अर्धा, पाऊण संगणकाच्या बायनरीत तंतोतंत बसतात, एक दशांशासारखे (०.१) रेंगाळत नाहीत. तरी मी सगळं मिलिलिटरमध्ये पूर्णांक करूनच साठवणार आहे.

टाइप न करता फोनशी बोलून नोंद करायची माझी योजना त्यामुळे पुढे ढकलली. आधी ते प्रश्नचिन्हवालं शून्य काढलं. आता न कळलेला मेसेज लाल पट्टीत वर येऊन बसतो आणि मी आकडा भरेपर्यंत बिल निघत नाही.

काल पहिली लाल पट्टी आली. हिंडलग्याच्या आजींनी लिहिलं होतं, "पावशेर". बाबांना विचारलं, शेराचा पाव की लिटरचा? "पाव लिटरच की रे. तिला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय." टाकला तक्त्यात, २५० मिलिलिटर.

आज सकाळी दुसरी: "कालच्याएवढंच."