बदामतेलाचा चौथा घाणा

मंडळी, पहिल्या घाण्यात पाव किलो बदामांतून जेमतेम ११ मिली तेल निघालं होतं. या वेळी ४२ निघालं. बदाम तेच, इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेले मामरा, आणि यंत्रही तेच, म्हणजे माझे दोन हात. बदललं फक्त पाणी.

बदामात साधारण निम्मं तेल असतं, पण ते सहजी सुटत नाही. मी वाटण कोरडंच मळत बसायचो. गेल्या महिन्यात आत्या घरी आली होती. परातीकडे बघून म्हणाली, "अरे, तेली घाण्यात तीळ घातले की पाण्याचा हबका मारायचा. तू कोरडंच काय रगडतोयस?"

मग एक चमचा कोमट पाणी थेंबाथेंबाने शिंपडलं. दहाएक मिनिटांनी लगदा चकाकायला लागला, मग परातीला सोडून त्याचा गोळा झाला, आणि मूठ आवळली तशी बोटांच्या फटींतून पिवळसर धार उतरली. बदामातलं तेल बारीक थेंबांच्या रूपात प्रथिनांमध्ये अडकलेलं असतं. प्रथिनं पाणी पितात आणि तेलाला बाहेर काढतात. चमच्याचे तीन चमचे झाले की मात्र तेल परत मुरतं. तिसरा घाणा असाच गेला. त्याची बर्फी केली, घरच्यांनी तक्रार केली नाही.

अजून पाणी घातलं की दूध होतं. गुटी देताना सहाणेवर बदाम उगाळला की जो पांढरा रस येतो, तोच. युरोपातले जुने औषधवालेही बदाम पाण्यात घोटून असं दूध करत. घसा-पोटाला मऊ म्हणून देत आणि इतर औषधं त्यात कालवत. युनानीतलं 'लऊक बादाम' हे खोकल्यावरचं चाटणही याच घराण्यातलं.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७व्या अध्यायात, वाताम म्हणजे बदाम अक्रोडाच्या पंगतीला आहे: गुरु, उष्ण, स्निग्ध, मधुर, बल देणारा, वात घालवणारा. पण तिथेच कफ-पित्त वाढवणारा असंही म्हटलंय. रोज सकाळी भिजवलेल्या बदामांचं कौतुक ऐकवणारे हे अर्धं वाक्य सोयीने गिळतात. भावप्रकाशात त्याला 'नेत्रोपमफल' म्हटलंय, डोळ्यासारखं फळ. ग्रीकांच्या 'अमिग्डाला'वरून, म्हणजे बदामावरूनच, युरोपी वैद्यकात टॉन्सिलला नाव पडलं. आकार एकच, कुणाला डोळा दिसला, कुणाला घशातली गाठ!

आता कोल्ड क्रीम. मूळ कल्पना ग्रीक वैद्य गॅलेनची, दुसऱ्या शतकातली: मेण, तेल आणि मावेल तितकं पाणी. पाणी त्वचेवरून उडताना गारवा देतं, म्हणून 'कोल्ड'. पुढे युरोपात त्यात बदामतेल आणि गुलाबपाणी रुळलं, शिवाय देवमाशाच्या डोक्यातली चरबी. ती अर्थातच वगळली. ५ ग्रॅम मेण, २० मिली तेल, १० मिली गुलाबपाणी. पहिल्यांदा गुलाबपाणी गारच ओतलं आणि जानेवारीतल्या इंदूरच्या थंडीत मेणाच्या गुठळ्या झाल्या, अगदी फाटलेल्या दुधासारख्या. दुसऱ्यांदा दोन्ही भांडी सारखीच गरम ठेवून, गार होईपर्यंत घोटत राहिलो, छान जमलं. चौथ्या दिवशी कडेने पाणी सुटलं. टाकणखार घातला असता तर सुटलं नसतं, पण तो नंतरच्या काळातला, म्हणून हट्टाने टाळला.

उरलेलं तेल तपकिरी बाटलीत आहे. खोबरेल गोठलं, हे नाही. खवट वास अजून नाही.

शेवटी एक भानगड. या घाण्याच्या बदामांत एक कडू निघाला. मोडला तर काही वास नाही. ओल्या अंगठ्याने चुरडला तर थेट आइस्क्रीमच्या बदाम-इसेन्सचा वास! त्याला कडू करणारं अमिग्डालिन १८३०मध्ये वेगळं काढलं गेलं. १८३७मध्ये लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की बदामातलाच दुसरा घटक पाण्याच्या सोबतीने ते फोडतो. त्यातून हा वास येतो, आणि हायड्रोजन सायनाइडसुद्धा. प्लूटार्क या जुन्या ग्रीक लेखकाने एका वैद्याबद्दल लिहिलंय, तो दारू चढू नये म्हणून आधी पाच-सहा कडू बदाम खायचा. हा प्रयोग मी करणार नाही, कुणी करूही नका.

पूर्वी कडू बदामांचंही तेल काढत, पण ते कोरडे दाबून. पाणी नंतर पेंडीला, अर्क काढताना. मी तर पाणी घालूनच मळतो. म्हणून विचारतो, कडू बदाम आधीच निवडून काढायची तुमची काय रीत? मला प्रत्येकाचा कोपरा जिभेला लावून थुंकण्यापलीकडे काही सुचलेलं नाही, आणि पाव किलोला त्यात दुपार जाते.