तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, तुम्हाला कांद्यातलं काय कळतं?"

कांद्याच्या साठवणुकीवर पीएचडी करणारी मुलगी, हिरड्यांच्या आजारावर प्रबंध लिहिणारा दंतवैद्य, पोथ्यांचे पाठ जुळवणारे संस्कृतचे अभ्यासक, बोलीभाषांची रेकॉर्डिंग्ज घेऊन हिंडणारी भाषाविज्ञानाची मुलं. संख्याशास्त्राच्या सल्ल्याला सगळी माझ्याच टेबलाशी येतात. आणि कधी ना कधी त्यांच्या, त्याहून जास्त त्यांच्या गाईडच्या, तोंडून हा प्रश्न येतोच. कांद्यातलं कळत नाही, दातांतलं कळत नाही, संस्कृत शाळेपुरतं. मग आमच्या कामात चुकलं काय, हे तुम्ही कशावरून सांगता?

कांद्यातलं मला कळत नाही, हे खरं आहे. मी विचारते ते एवढंच, की तुमच्या अभ्यासात 'एक' कशाला म्हणायचं?

कांद्याचंच बघा. काढणीनंतर सुकवण्याच्या तीन पद्धती तपासायच्या आहेत. तीन प्लॅस्टिकची कॅरेटं, प्रत्येकात दोनशे कांदे, कांदाचाळीत चार महिने ठेवली, दर पंधरा दिवसांनी सडके मोजले. तक्त्यात लिहिलं, एकूण नमुना ६००. सॉफ्टवेअरला ६०० सांगितले, त्याने ६०० मानले, आणि पी-किंमत, म्हणजे पद्धतींत खरा फरक नसतानाही एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.००१ च्या खाली आली. पण कॅरेटमधला एक कांदा सडला की त्याचं पाणी खालच्यावर गळतं, बुरशी शेजारच्याला लागते, आणि बघता बघता पाचसहा कांद्यांचा लगदा होतो. ते पाचसहा निकाल स्वतंत्र नाहीत, एकाच सडण्याचे आहेत. कॅरेट चाळीच्या वारा न लागणाऱ्या बाजूला असेल तर दोनशेच्या दोनशे कांद्यांना वारा लागला नाही. म्हणजे इथे 'एक' म्हणजे एक कॅरेट, आणि नमुना ६०० चा नसून ३ चा. प्रत्येक पद्धतीला एक. फरक पद्धतीमुळे पडला की जागेमुळे, हे त्यातून कुणालाच सांगता येणार नाही.

यावर ताबडतोब उत्तर येतं, "मग पाच-पाच कॅरेटं भरते." भर, पण सुकवताना प्रत्येक पद्धतीचा एकच ढीग केला असेल आणि पाचही कॅरेटं त्याच ढिगातून भरली असतील, तर पुन्हा तीच गत. पद्धत ढिगाला दिली होती, कॅरेटला नाही. ढीगच पाच लागतात, वेगवेगळे सुकवलेले. मग प्रत्येक ढिगाचं एक कॅरेट, चाळीच्या प्रत्येक थरात तिन्ही पद्धतींचं एकेक, आणि थरातली जागा चिठ्ठी टाकून. वजनातली घट, सड आणि कोंब हे तीन रकाने वेगळे ठेवायचे. निरोगी कांदाही नुसता वाळून हलका होतो, म्हणून तिन्ही मिळून 'नुकसान' अशी एकच बेरीज केली की सुरुवातीला जास्त वाळणारी पण नंतर कमी सडणारी पद्धत उगाच वाईट दिसते.

आता दात. हिरडीच्या खोबणीची खोली एका दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. अक्कलदाढा सोडल्या तर २८ दात, म्हणजे एका तोंडात १६८ मापं. २० रुग्ण घेतले की ३,३६० आकडे हाताशी येतात आणि माणूस श्रीमंत झाल्यासारखा वाटतो. पण औषध रुग्णाला दिलंय, दाताला नाही. तंबाखू खाणाऱ्याचे सगळेच दात तंबाखू खाणाऱ्याचे. एकाच तोंडातल्या मापांमधलं साम्य मोजायचा एक सहसंबंध असतो. तो नुसता ०.१ धरला, तरी १ अधिक १६७ (त्याच तोंडातली बाकीची मापं) गुणिले ०.१, म्हणजे १७.७ ने त्या ३,३६० ला भागावं लागतं. उरतात सुमारे १९० स्वतंत्र मापं. सहसंबंध ०.३ निघाला तर जेमतेम ६६. दंतवैद्यकातलं काहीही माहीत नसताना हा भागाकार करता येतो, आणि तो केला नाही म्हणून प्रबंधातलं एखादं प्रकरण पडतं.

पोथ्यांचा अन् याचा काय संबंध, असं संस्कृतवाले विचारतात. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. १९१९ ते १९६६ एवढा काळ ते काम चाललं. त्यात एखादा पाठ चाळीस पोथ्यांत आला आणि दुसरा चारच पोथ्यांत, तर चाळीसांचा विजय होत नाही. त्या चाळीस एकाच मूळ पोथीच्या नकला असतील तर त्या सगळ्या मिळून एक साक्षीदार. उलट काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि थेट दक्षिणेतली मल्याळम लिपीतली पोथी, ज्यांची गाठ पडण्याचा संभव कमी, त्या दोघी एकच शब्द देत असतील तर ती साक्ष चाळीसांहून जड. आवृत्तीचे संपादक वि. स. सुकथनकर यांनी शाखा आणि लिप्यांची वंशावळ आधी लावली ती याचसाठी. कॅरेटमधल्या कांद्यांचीच ही गोष्ट, फक्त सडण्याऐवजी इथे लेखनिकाची चूक एकातून दुसऱ्यात जाते.

बोलीचंही तेच: 'डोळा'ला 'डोया' म्हणणारी तीनशे रेकॉर्डिंग्ज एकाच घरातली असतील तर ते एक घर आहे, तीनशे माणसं नाहीत.

पूर्वी मी इथेच थांबायची. आकडे कुठून आले याच्याशी मला कर्तव्य नाही, त्यांची रचना दाखवा, बाकी मी बघते, असं ठासून सांगायची. ते आता तसं म्हणवत नाही. कारण आहे पीक कापणीचा एक जुना वाद, आणि त्यावर जरा सविस्तरच लिहिते, कारण "तुम्हाला काय कळतं" या प्रश्नातलं खरं दुखणं त्यात आहे.

१९४० च्या दशकात देशात धान्य किती पिकतं हे नजरअंदाजाच्या आणेवारीवरून ठरायचं. ते सोडून शेतातला नेमका मापाचा तुकडा कापून, मळून, तोलून अंदाज बांधायचा, यावर दोघा संख्याशास्त्रज्ञांचं एकमत होतं: कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. मतभेद झाला तो तुकडा केवढा कापायचा यावर.

महालनोबिसांचा विचार कागदावर बिनतोड होता. एकाच शेतातली रोपं एकमेकांसारखी असतात. तिथे मोठा तुकडा कापला तर तीच माहिती पुन्हा पुन्हा मिळते. त्याऐवजी छोटे तुकडे घ्या आणि जास्त शेतांत जा. मी वर कांद्याबद्दल जे सांगितलं, अगदी तेच. हिशेबात 'एक' म्हणजे शेत, रोप नव्हे. मला कुणी नुसते आकडे दाखवून विचारलं असतं तर मीही हाच सल्ला दिला असता.

सुखात्म्यांनी लहानमोठ्या आकाराचे तुकडे प्रत्यक्ष कापून ताडून पाहिले. तुकडा जितका लहान, तितकं एकरी उत्पादन जास्त भरत गेलं. शेत तेच असताना उत्पादन तुकड्याच्या आकारावर का अवलंबून राहावं? उत्तर सूत्रात सापडत नाही, विळा धरलेल्या माणसाच्या हातात सापडतं. दोरीच्या अगदी कडेला उभं असलेलं, कणसाने भरलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की हात ते आत ओढतो. लबाडी म्हणून नव्हे. चांगलं रोप टाकवत नाही, एवढंच.

हिशेब करून बघा. ५ मीटर बाय ५ मीटरच्या चौकोनात प्रत्येक बाजूला फक्त ५ सेंटिमीटर जास्त कापलं गेलं तर २५ चौरस मीटरचे २६.०१ होतात. चूक ४ टक्के. १ मीटर बाय १ मीटरच्या तुकड्यात तेच ५ सेंटिमीटर १ चे १.२१ करतात. चूक २१ टक्के. आणि ही चूक कधी इकडे कधी तिकडे अशी नाही, नेहमी वरच्याच बाजूला. हजार शेतं घ्या नाहीतर दहा हजार, ती सरासरीत विरत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा तुमचा विश्वास तेवढा वाढतो.

१९४६ मध्ये हा वाद 'नेचर' या विज्ञानपत्रिकेच्या पानांवर गेला. सुखात्म्यांनी लहान तुकड्यांचा दोष मांडला; शिकवलेली माणसं आणि नेमकी साधनं असतील तर तो आटोक्यात राहतो, असं महालनोबिसांचं उत्तर. आज भात-गव्हाच्या पीक कापणी प्रयोगात साधारण ५ बाय ५ मीटरचाच तुकडा आखतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून चिठ्ठीने निघालेली पावलं मोजायची, खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची. मग कर्ण मोजायचा: ७.०७ मीटर आला नाही तर चौकोन तिरका आहे, खुंट्या पुन्हा ठोका. कडेच्या रोपाचा बुंधा निम्म्याहून जास्त आत असेल तरच ते आत, कणीस कुठे झुकलंय हे बघायचं नाही. या एकेका नियमामागे तो ओढणारा हात आहे.

हे वाचल्यापासून "आकडे द्या, बाकी मी बघते" हे माझं वाक्य मलाच टोचतं. महालनोबिसांना 'एक' म्हणजे काय हे नक्की ठाऊक होतं. तरीही फक्त तेवढ्यावर भागलं नाही. कडेच्या रोपाचं काय होतं, हे शेतात उभ्या राहणाऱ्यालाच दिसतं. म्हणजे तुमचा प्रश्न सगळाच चुकीचा नाही.

पण म्हणून तो बरोबरही होत नाही. कारण जो गाईड मला कांद्यातलं काय कळतं असं विचारतो, तोच विद्यार्थिनीला "नमुना ३० घे, ३० चालतो" असंही सांगतो. ३० कशाचे? कांदे, कॅरेटं, ढीग, की शेतकरी? हा आकडा कुठल्या कांद्यातून निघाला? केवढा फरक सापडायला हवा आणि एका ढिगापासून दुसरा ढीग मुळातच किती वेगळा असतो, या दोन गोष्टींशिवाय नमुन्याचा आकडा काढता येत नाही. दुसरी गोष्ट कळायला आधीच्या हंगामाचे चारपाच ढीग तोलून ठेवावे लागतात. ते सांगितलं की वेळ नाही म्हणतात. आणि मार्चमध्ये, सगळं मोजून झाल्यावर, "मॅडम, पी-किंमत ०.०५ च्या खाली येईल असं काहीतरी बघा" म्हणून येतात. त्याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबींनी पंचमार्क, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन, नाण्यांच्या काळाचा विचार त्यांच्या वजनातल्या घटीवरून केला, तेव्हा त्याआधी त्यांनी चलनातली आधुनिक नाणी तोलून झीज कशी होते हे पाहिलं. गणित त्यांचंच, आणि तराजूही. मला ते दोन्ही जमत नाही. म्हणून मला कांदेवाली लागते, आणि तिला मी.

त्या मुलीचा आराखडा आता नीट बसलाय: तीन पद्धती, पाच-पाच ढीग, पंधरा कॅरेटं, पाच थर. पण ती पंधराही कॅरेटं एकाच चाळीत आहेत. निफाडच्या शेतकऱ्याने वाचलं तर तो विचारेल, माझ्या चाळीत असंच होईल का? त्याच्या प्रश्नापुरतं 'एक' म्हणजे चाळ, आणि तिच्याकडे चाळ एकच आहे. दुसरी बांधायला पैसे नाहीत, दुसऱ्या कुणाच्या चाळीत ठेवायचे तर रब्बीचा कांदा पुढच्या एप्रिलशिवाय हाती येत नाही, आणि फेलोशिप डिसेंबरला संपते. काय करू, म्हणून तिने विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.