स्लाइसवर काम सुरू: आधी फेस, मग हात, मग पाय

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं आणि गोल्फचा सराव पुन्हा सुरू झाला. या हंगामात एकच काम हाती घेतलंय: ॲड्रेसला, म्हणजे चेंडूपाशी उभं राहताना, क्लबफेस, म्हणजे क्लबचा (गोल्फच्या काठीचा) चेंडूला लागणारा पृष्ठभाग, नेमका कुठे बघतोय ते पक्कं करायचं. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, चेंडू उजवीकडे वळून शेजारच्या तुरीत शिरतो. हीच स्लाइस, ती थांबली पाहिजे. मी उजव्या हाताने खेळतो. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात. आमच्या मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात ना सरावाचं मैदान (रेंज) आहे ना शिकवणारा प्रो, तेव्हा जे काही करतोय ते वावरात आणि घरच्या सामानावर.

चेंडू आणि फेस यांची गाठ जेमतेम अर्धा मिलिसेकंद पडते. त्या वेळी फेस जिकडे बघतो, बहुतांशी तिकडेच चेंडू निघतो. रडारवर मोजल्यावर दिसलं की सुरुवातीच्या दिशेत फेसचा वाटा ड्रायव्हरमध्ये साधारण 85 टक्के आणि आयर्नमध्ये (पातळ धातूच्या डोक्याच्या क्लबमध्ये) 75 टक्क्यांच्या आसपास असतो. जुन्या शिकवणीत नेमकं उलटं सांगत. वळण मात्र फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे येतं: मार्गाच्या मानाने फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, असला की चेंडू उजवीकडे वळणारच. ड्रायव्हरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, 9 ते 12 अंशांचा, म्हणून त्याच्यावर हे वळण उघडं पडतं. बऱ्याच जास्त लॉफ्टच्या 9 नंबरच्या आयर्नवर तेवढाच फरक फारसा जाणवत नाही. आणि फेस 1 अंशाने फिरला तरी 200 यार्डांवर 3.5 यार्ड नुसत्या दिशेत जातात, वळण त्यावर वेगळं.

फेस कुठे बघतोय हे उभ्या जागेवरून कळत नाही, म्हणून एक साधन केलंय. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेतलं आणि त्यावर सायकलचा स्पोक एम-सीलने काटकोनात उभा केला. 7 नंबरच्या आयर्नच्या फेसवर मधोमध ते टक्‌कन बसतं. लॉफ्टमुळे स्पोक वर उचललेला असतो, पण वरून पाहिलं की त्याची दिशा तीच फेसची दिशा. जमिनीवर फक्कीची सरळ रेघ मारायची, कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच फक्की, आणि स्पोक त्या रेघेला समांतर आणायचा.

हे करताना दोन गोष्टी स्वच्छ दिसतात. पहिली, आयर्नची वरची कड, म्हणजे टॉपलाइन, खालच्या कडेला समांतर नसते. टोकाकडे, म्हणजे दांडीपासून लांबच्या बाजूला, ती उंच होत जाते आणि लॉफ्टमुळे तेवढीच मागेही जाते. म्हणून नेम टॉपलाइनने नाही, खालच्या कडेने धरायचा. मी सगळ्यात खालच्या खाचेत पांढरा रंग भरून घेतलाय, त्यामुळे नजर आपसूक तिथे जाते. दुसरी, क्लबचं टोक जमिनीपासून उचललं की स्पोक डावीकडे झुकतो आणि टोक दबलं की उजवीकडे. वेजमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त लॉफ्टच्या क्लबमध्ये, हे फारच ठळक दिसतं. म्हणजे हातांची उंची बदलली तरी दिशा बदलते, मनगट न फिरवता!

ड्रायव्हरला ही युक्ती चालत नाही, टायटॅनियमला लोहचुंबक धरत नाही. तिथे आइस्क्रीमची काडी दुहेरी टेपने लावतो, तीही अगदी मधोमध, कारण ड्रायव्हरचा फेस फुगीर असतो आणि कडेला लावलेली काडी भलतीकडे बघते. काही ड्रायव्हर जमिनीवर टेकवले की स्वतःच्या बैठकीने थोडे फिरतात, म्हणून तो मी किंचित अधांतरी धरतो.

आता खरी मेख. भाचा रेघेवर मागे बसून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो म्हणाला, "मामा, फेस बराबर होता ना. तुमी मूठ आवळली अन् मंग फिरला." व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, तर पोरगं शंभर टक्के खरं बोलत होतं. त्या दिवसापासून क्रम ठरवून टाकला. चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्य बघायचं, त्याच रेषेवर चेंडूच्या पुढे दोन-तीन फुटांवर एखादं धसकट नाहीतर ढेकूळ हेरायचं. नामांकित गोल्फपटू जॅक निक्लॉस अशीच जवळची खूण धरत. मग उजव्या हातात क्लब सैल धरून फेस त्या खुणेवर लावायचा, मग डाव्या हाताची ग्रिप (पकड), मग उजव्या हाताची, आणि पाय सगळ्यात शेवटी. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन-अडीच गाठी वरून दिसल्या पाहिजेत.

फेस बंद, म्हणजे डावीकडे बघणारा, करायचा असेल तर क्लब फिरवून मग ग्रिप घ्यावी. ग्रिप घेऊन झाल्यावर हात पिळून केलेला बंद फेस टिकत नाही. स्विंगमध्ये हात आपल्या मूळ ठेवणीवर येतात आणि फेस पुन्हा उघडतो. ग्रिप घेऊन, हात पिळून, मग खांदे सैल सोडून बघा, जागच्या जागी कळतं.

वावरातली तासं नजरेला चकवतात. लक्ष्य तासांना तिरकं असलं तरी पाय तासाच्याच रेषेत जाऊन बसतात. म्हणून मी मुद्दाम तिरकंच मारतो आणि पायांपुढे सरळ पऱ्हाटी आडवी ठेवतो. स्लाइस होते म्हणून डावीकडे तोंड करून उभं राहण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्याने क्लबचा मार्ग आणखी बाहेरून आत येतो आणि वळण वाढतं. पऱ्हाटी मात्र सरावापुरतीच. 2019 च्या नियमांपासून फेरीत दिशेसाठी काहीही खाली ठेवून उभं राहिलं की दंड आहे, मारण्याआधी उचललं तरीही. खेळाडू पाय रोवू लागल्यावर मागे उभं राहून दिशा सांगणाऱ्या कॅडीलाही (सामान वाहणाऱ्या मदतनिसालाही) तेव्हापासून मनाई आहे.

सध्याची स्थिती अशी: 7 नंबर सरळ जातोय, हायब्रिड (ड्रायव्हर आणि आयर्न यांच्या मधला क्लब) थोडा उजवीकडे निघतो पण वळत नाही. ड्रायव्हरचं वळण निम्म्यावर आलंय. उरलेलं वळण ॲड्रेसचं वाटत नाही. फेसला पावडर लावून मारलं तेव्हा ठसे मध्यभागाऐवजी हीलकडे, म्हणजे दांडीकडच्या बाजूला, उमटले, आणि ड्रायव्हरमध्ये हीलकडचा फटका स्वतःच उजवीकडची फिरकी देतो. आता चेंडूपासूनचं अंतर आणि टीची (चेंडू ठेवायच्या खुंटीची) जागा तपासायला घेतलीय. हीलकडचा फटका मध्यभागी आणायला कोणी काही केलं असेल तर जरूर सांगा, हरभरा पेरेपर्यंत वावर माझ्या ताब्यात आहे.