वळणावरचा रूळ का झिजतो

होटगीकडच्या कामावर नवी पोरं आली की मी त्यांना आधी वळणातल्या बाहेरच्या रुळावरून बोट फिरवायला सांगतो, अर्थात ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून रुळावर काम करायची मुभा, मिळाल्यावरच. आतली कड, जिथे चाक घासतं, ती आरशासारखी चकचकीत असते. जास्त झिजली असेल तर खाली पातळ धारही बोटाला लागते. खाली खडीवर लोखंडाची करडी भुकटी पडलेली दिसते.

कारण साधं आहे. रेल्वेची दोन चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली, म्हणजे फेरे दोघांचे सारखेच. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर. गाडी काटकोनात वळली तर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अडीच मीटरहून अधिक जादा अंतर कापावं लागतं! म्हणून चाकाला 1:20 असा उतार देतात, म्हणजे चाकाचा व्यास आतल्या बाजूला मोठा असतो. आस बाहेर सरकला की बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चालतं आणि फरक भरून निघतो. पण वळण तीव्र असलं की एवढ्यावर भागत नाही. बोगीतले, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यातले, दोन आस एकमेकांना समांतर राहतात, त्यामुळे पुढच्या आसाच्या बाहेरच्या चाकाची फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, रुळाला तिरकी भिडते आणि खरवडत जाते.

बाहेरचा रूळ उंच ठेवतात तो वेगवान गाड्यांच्या हिशेबाने. सावकाश जाणाऱ्या मालगाडीचा भार मग आतल्या रुळावर येतो आणि त्याचा माथा चपटा होतो.

बाहेरच्या रुळाच्या कडेला ग्रीस लावायचं काम पोरांना किरकोळ वाटतं. माझ्या मते वळणावर याहून मोलाचं काम नाही. फक्त माथ्यावर ग्रीस जाऊ देऊ नका, ब्रेक घसरतात.