गुडघ्याचं ऑपरेशन आणि ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) जांभळा दिवा

गुडघा बदलून झाला, जिने चढते आहे, ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. पण त्याआधी एका साध्या प्रश्नासाठी मला जे ताटकळत ठेवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

संमतिपत्रात एक ओळ होती : ‘शस्त्रक्रियागृहात निर्जंतुकीकरणासाठी प्रकाश वापरला जातो.’ कुठला प्रकाश? ऑपरेशन चालू असताना सुरू असतो का? काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, सही करा, सगळेच करतात.” तिथून बिलिंग, बिलिंगहून आणखी एक टेबल, मग “डॉक्टर राउंडवर आहेत”. ठणकता गुडघा धरून मी बाकावर बसून. प्रश्न फालतू नव्हता हो! २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण डोळ्यांना, कातडीला अपाय करतात, म्हणून ते खोली रिकामी असताना लावतात. डोळ्यांना दिसणारा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश माणसं आत असतानाही चालतो. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. जंतूंमधली पॉर्फिरिन नावाची द्रव्यं हा प्रकाश शोषतात आणि त्यातून तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतूला आतून मारतो. कृत्रिम सांध्यावर जंतूंनी थर धरला की औषधं नीट लागू पडत नाहीत, कधी सांधाच काढावा लागतो. मग विचारायचं नाही?

शेवटी ओटीच्या इनचार्ज सिस्टर बाहेर आल्या. शांतपणे म्हणाल्या, “दिसणारा प्रकाश आहे, काकू. छतात बसवलाय, ऑपरेशन चालू असतानाही सुरू असतो. पण सावलीत पोचत नाही आणि जंतू मारायला वेळ घेतो. त्यामुळे पुसणं, हात धुणं, हवा गाळणं यातलं आम्ही काही कमी करत नाही.” जीव भांड्यात पडला. सही केली, आणि हेच त्या ओळीत छापा, असं लेखी देऊनही आले.

तुम्ही थेट ओटीच्या सिस्टरना नाहीतर सर्जननाच विचारा. दिव्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिरा देण्याआधी तासाभराच्या आत मिळणार ना, हे पक्कं करा. साखर आधीच आटोक्यात आणा. नाकाचा स्वॅब सांगितला असेल तर लवकर द्या. त्यात ‘स्टॅफ’ नावाचा जंतू निघाला तर साधारण ५ दिवस नाकात मलम लावावं लागतं आणि तारीख पुढे जाते. आणि हो, घरी पायावर रेझर फिरवू नका. बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असले तर हॉस्पिटलवाले क्लिपरने काढतात.